उसात हरभरा घेताय? आधी पाणी ठरवा

दादा, ऑक्टोबरच्या लागणीत हरभरा घ्यायचा तर आधी पाणी कसं देणार ते ठरवा. पाटपाणी असेल तर ऊस सरीत, हरभरा वरंब्याच्या बगलेला, पाणी चढतं त्या रेषेच्या जरा वर टोका. पाणी हलकंच द्या. उसासाठी म्हणून रान तुंबवलंत तर हरभरा पिवळा पडतो, मर लागते. ठिबकवर हे बरंच सोपं. नळी उसाच्या ओळीला, हरभरा मधल्या पट्ट्यात. फक्त उगवणीच्या वेळी ओल बियापर्यंत पोचतेय का, ते बोटानं माती उकरून बघा. बियाण्याला रायझोबियम हे जिवाणू खत चोळा. आणि ॲट्राझीन हे तणनाशक अजिबात मारू नका, हरभरा जळतो, खुरपणीच करा. उसाला माती चढवायच्या मोठ्या बांधणीआधी हरभरा काढून झालाच पाहिजे, नाहीतर ऊस मागं पडतो.