आधी व्याख्या वाच, आलेख नंतर

आकडेवारीचं काम मिळालं, अभिनंदन गं! खानापूरहून रोज बेळगावला ये-जा करणार म्हणतेस, तर बसमध्ये एवढं वाच.

पहिला आठवडा आलेख काढूच नकोस. आकड्यांच्या फाइलीतल्या प्रत्येक रकान्याची व्याख्या वाच. जागतिक बँकेची अतिगरिबीची रेषा दिवसाला १.९० डॉलर होती, २०२२ला २.१५ झाली, २०२५ला ३. रेषा वर गेली की तिच्याखाली जास्त माणसं येतात, म्हणून जुनी-नवी फाइल जोडलीस की कागदावर गरिबी एका रात्रीत वाढते! मी हेच केलं होतं, वर सरांना त्या वाढीची कारणंही समजावून सांगितली.

नावं जप. जुन्या फाइलीत आपला जिल्हा ‘बेळगाव’, २०१४नंतरच्या फाइलीत ‘बेळगावी’. संगणकाला ते दोन जिल्हे वाटतात. (माणसंही भांडतात, ते सोड.) स्वाझिलँडचं २०१८ला एस्वातिनी झालं, तिथंही नावं जुळत नाहीत आणि फाइली जोडताना ओळी गळतात.

आणि नुसत्या सरासरीवर खूश होऊ नकोस. पाच वर्षांखालचे जागतिक बालमृत्यू १९९०ला हजारी ९३ होते, २०२२ला ३७. मोठी गोष्ट आहे, पण देशवार उघडून बघ.

मूळ फाइलीला हात लावायचा नाही, प्रत काढून काम कर. रिग्रेशन-बिग्रेशन (एका आकड्याचा दुसऱ्याशी संबंध मोजायची रीत) आत्ता नको. अडलीस तर रविवारी शहापूरला घरी ये, लॅपटॉप घेऊन.