स्टार्टर फिरतो, पण डिझेल पिकअप सुरू होत नाही. आधी काय तपासावे?
परळला रात्रभर पावसात उभी राहिलेली आपली पिकअप सकाळी सुरू होत नाही, मात्र स्टार्टर नेहमीच्या वेगाने फिरतो, असे आपण लिहिले आहे. त्यामुळे बॅटरीवर संशय घेण्याचे फारसे कारण दिसत नाही. गाडीभोवती पाणी तुंबले असल्यास प्रथम एअर फिल्टर उघडून पाहावा आणि तो ओला असेल तर पुन्हा स्टार्टर मारू नये, कारण इंजिनच्या सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकू शकतो. फिल्टर कोरडा असल्यास स्टार्टर मारताना सायलेन्सरकडे कोणाला तरी उभे करावे: धूर मुळीच नसेल, तर डिझेल पोहोचत नाही, पांढरा धूर असेल, तर ते पोहोचते पण पेटत नाही. पहिल्या स्थितीत डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी काढून डिझेलच्या नळीवरील छोट्या हातपंपाने नळीत अडकलेली हवा काढावी. मुंबईच्या पावसाळ्यात बहुधा एवढ्यावरच भागते.