आधी माइक हलवा, मग बटणं

रेकॉर्डिंगसाठी महागडा माइक घ्यायची घाई नको. गायकाला गाऊ द्या, हेडफोन लावा आणि माइक वीतभर पुढेमागे करून ऐका. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा माइक तोंडाजवळ नेला की खर्ज फुगतो. इक्यू (खालचे-वरचे स्वर कमीजास्त करायची सोय) लावून हे नंतर पुरतं निस्तरत नाही. गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) ठेवताना सगळ्यात मोठा आवाजही मीटरवर उणे 10 डेसिबलच्या आसपासच राहू दे. 24 बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये तेवढी मोकळीक असते; शून्य ओलांडलं की मात्र आवाज फाटलाच म्हणून समजा. सिनेमासाठी सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) 48 किलोहर्ट्झ. आणि प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट रूम टोन, म्हणजे त्या जागेच्या शांततेचा आवाज, घ्याच, दिग्दर्शक कितीही कुरकुरला तरी. संवादांमधली भोकं एडिटर त्यानेच बुजवतो.