आईच्या लिव्हरमधली पाण्याची गाठ: सुईच्या आधी जुना कागद शोधा

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि दुकान उघडायला उशीर झाला. आईच्या लिव्हरमध्ये ८ सेंटिमीटरची पाण्याची गाठ. रिपोर्टात 'हायडॅटिड' आणि पुढे प्रश्नचिन्ह. आई माळकरी, घरात अंडंही शिजत नाही, कुत्रा पाळलेला नाही. डॉक्टर म्हणतात, 'हा रोग तिकडे अर्जेंटिना-केनियात असतो, आपल्याकडे नाही, सुईने पाणी काढून टाकू.' तुमचा प्रश्न असा की वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात हा आला कुठून, आणि सुई लावू द्यावी का.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. किराणा दुकान आणि सहा एकर वावर, एवढंच माझं शिक्षण समजा. पण 'आपल्याकडे नाही' हे वाक्य मी २०१६ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात, बाबांच्या खाटेशी उभा राहून ऐकलं आहे, आणि त्याची किंमत आम्ही अजून भरतो आहोत. हायडॅटिड म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या एका बारीक जंतामुळे होणारी गाठ: कुत्र्याच्या विष्ठेतून जंताची अंडी बकरीच्या किंवा माणसाच्या पोटात जातात, तिथे गाठ धरते, आणि बकरीची गाठ कुत्र्याने खाल्ली की चक्र पुन्हा सुरू. हे तुम्ही वाचलंच असेल. ते सोडून आमचं काय चुकलं ते सांगतो.

२०१४ मध्ये बाबांना मुतखड्याची कळ आली म्हणून सोनोग्राफी केली. खडा पडून गेला. रिपोर्टात खाली एक ओळ होती: लिव्हरच्या उजव्या भागात ५ सेंटिमीटरची गाठ, हायडॅटिड असू शकते. आम्ही विचारलं तर 'पाण्याची गाठ हाय, त्रास नाही तर कायले चिंता करता' असं उत्तर मिळालं. मी तो कागद वावराच्या सातबाऱ्यासोबत लोखंडी पेटीत ठेवून दिला आणि विसरलो. ही माझी चूक. डॉक्टरांच्या नावाने मी पुढे भरपूर बोलणार आहे, पण ही माझी.

दोन वर्षांनी, ऐन मे महिन्यात, बाबांच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, दोन दिवस अंगात कणकण. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेलं. कोणता ते विचारू नका, सांगणार नाही. आमच्या भागात लिव्हरला पू होणं नवीन नाही, विशेषतः मोहाची पिणाऱ्यांना. त्यांनी सोनोग्राफी पाहिली आणि तेच ठरवलं. बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नाही, हे सांगून झालं. मी आठवेल तसं म्हणालो, 'मागं कायतरी हायडा-हायडा लिहून होतं जी.' त्यावर हसून उत्तर आलं, 'तो धनगरी मुलखातला रोग, पुस्तकात आंध्रचा लिहिला आहे. इकडे नसतो.' कागद पेटीत, पेटी घरी, घर २२ किलोमीटरवर. मोटारसायकलने तासाभरात आणला असता. नाही आणला.

सुई घातली. पू आलाच नाही. शहाळ्याच्या पाण्यासारखं नितळ पाणी आलं. डॉक्टर क्षणभर थांबले, तेवढ्यात बाबांच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घरघर सुरू झाली आणि नाडी लागेना. त्याच डॉक्टरांनी ताबडतोब इंजेक्शन देऊन वाचवलं, हेही लिहिलं पाहिजे. पण गाठीतलं पाणी पोटात सांडायचं ते सांडलं. या पाण्यात जंताचे सूक्ष्म अंकुर असतात. ते पोटात जिथे पडतात तिथे पुन्हा गाठी धरू शकतात, आणि दिसायला वर्षं लागतात. २०१७ मध्ये नागपूरला ऑपरेशन झालं, तिथल्या सर्जनने शहाळ्यातल्या मलईसारखे पांढरे पापुद्रे बरणीत दाखवले. सगळं संपलं असं वाटलं. २०२० मध्ये ओटीपोटात तीन लहान गाठी निघाल्या.

आता 'आपल्याकडे नाही' याबद्दल. मी नंतर रागारागाने वाचत गेलो. या रोगाच्या नकाशात गडद रंग असतो तो उरुग्वे, दक्षिण अर्जेंटिना, पेरूचा डोंगराळ भाग, मोरोक्को-ट्युनिशिया, तुर्कस्तान, कझाकस्तान-किर्गिझस्तान, चीनचा शिनजियांग आणि तिबेटचं पठार यांना. केनियात वायव्येचा तुर्काना भाग. हे खरं आहे. यातल्या काही भागांत शंभरात ५ ते १० माणसांपर्यंत हा रोग सापडतो. पण अंटार्क्टिका सोडलं तर तो सगळ्या खंडांवर आहे. आणि पुस्तकातला 'आंध्र' आमच्यापासून किती लांब? पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, २०१४ पर्यंत तो आंध्रातच होता. आठवडी बाजारात बकऱ्या इकडून तिकडे जातात, त्यांना राज्याची हद्द कोण दाखवतं? शिवाय टीबीच्या प्रत्येक रोग्याची जशी सरकारात नोंद होते तशी याची होत नाही. मग नकाशात विदर्भ फिका दिसणारच.

या सगळ्या देशांत सारखं काय, तर मेंढ्या-बकऱ्या, त्यांच्यामागे कुत्री, आणि उघड्यावर कापणं. आमच्या गावात आखाडीला, पोळ्याच्या करीला, नवसाच्या बकऱ्याला काय होतं ते आठवा. काळजात (म्हणजे लिव्हरमध्ये) किंवा फुप्फुसात पाण्याचा फोड दिसला की तो तुकडा आपण खात नाही, कुत्र्याकडे फेकतो. घाण टाकली असं समाधान वाटतं आणि नेमका तोच जंताचा पुढचा मुक्काम असतो. आइसलँड एकेकाळी या रोगाने गांजलेला देश होता. १८६४ मध्ये क्रॅबे नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने लिहिलेली पुस्तिका तिथे घरोघर वाटली गेली: फोड असलेले अवयव कुत्र्यांना घालू नका, नष्ट करा. पुढे कुत्र्यांवर कायदे आले, आणि तिथून हा रोग गेला. न्यूझीलंडने १९५९ मध्ये कायदा केला आणि २००२ मध्ये रोग संपल्याचं जाहीर केलं. आमच्याकडे ग्रामसभेत मी हा विषय काढला तर 'कुत्र्यायचं राहू दे, नालीचं बोल' असं झालं. असो.

तुमची आई माळकरी आहे, पण मटण खाऊन माणसाला हा रोग होतच नाही. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी पोटात जावी लागतात. वावरातला सांबार (कोथिंबीर) उपटून तसाच तोंडात टाकणं, अंगणात बसून भाजी निवडणं, पाण्याच्या टाक्याशी झोपणारं गावचं कुत्रं, एवढं पुरे. आणि गाठ वाढायला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे आजचं घर तपासून उपयोग नाही. आईच्या माहेरी बकऱ्या-कुत्री होती का ते विचारा. माणसापासून माणसाला मात्र हा लागत नाही. आमच्या शेजारणीने बाबांचा गिलास वेगळा केला होता, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सुई लावावी का? सुई मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. आधी अल्बेंडाझोल ही जंताची गोळी सुरू करून, रिअ‍ॅक्शन सांभाळायची तयारी ठेवून, जाणकार हाताने सुईने पाणी काढून आत औषध सोडण्याची रीतसर पद्धत आहे. पण ती 'चला, काढून टाकू' अशी नसते. माझं स्पष्ट मत: 'आपल्याकडे हा रोग नाही' म्हणणाऱ्याच्या हातात ही सुई देऊ नका. गाठ कोणत्या अवस्थेची आहे ते सोनोग्राफीवाल्याकडून लिहून घ्या, सीई १ ते सीई ५ अशा अवस्था आहेत. सीई ४ किंवा ५ असेल तर गाठ बहुधा थंड पडलेली असते आणि नुसतं लक्ष ठेवून भागतं. त्याआधीची असेल तर गोळ्या, सुई की ऑपरेशन, हे मोठ्या दवाखान्यातला पोटाचा सर्जन ठरवेल. माझं ऐकून ठरवू नका.

गोळ्यांचं थोडं सांगतो. बाबांना ४०० मिलिग्रॅम दिवसातून २ वेळा होती, २८ दिवस घेऊन १४ दिवस सुट्टी. आता बरेच डॉक्टर खंड न पाडता देतात. जेवणात तेल-तूप असलं की ती चांगली भिनते. बाबा उपाशीपोटी घेत होते, दीड महिन्याने एका नर्सताईंनी विचारलं तेव्हा कळलं. मधूनमधून लिव्हरची आणि रक्तातल्या पेशींची तपासणी लागते, ती चुकवू नका. शाळेत जंतनाशक दिनाला मिळते ती गोळी हीच, पण एका गोळीने गाठीला काही होत नाही. मेडिकलवाला 'हीच ती, घ्या' म्हणेल.

सरकारी योजनेतून ऑपरेशन करायचं ठरलं तर रेशनकार्ड आणि आधारवरचं आईचं नाव आजच जुळवून पाहा. आमचं बाबांच्या वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीवरून अकरा दिवस अडलं. खिडकीवरच्या माणसाला ऑपरेशनची तारीख सांगितली तर तो म्हणे, 'तारीख बदलून घ्या, नाव बदलायला टाइम लागते.'

बाबा आता बरे आहेत. ओटीपोटातल्या तीनपैकी दोन गाठी चुन्यासारख्या कडक झाल्यात, तिसरी जशीच्या तशी आहे, दिवाळीनंतर परत सोनोग्राफी. २०१४ चा तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय, मोबाइलमध्येही फोटो आहे. तुम्हीही आईचा आजचा रिपोर्ट तसाच ठेवा, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना पिशवीत सगळ्यात वर ठेवा. आणि आमचा कुत्रा भुऱ्या, बकऱ्यांमागे फिरणारा, त्याला जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेली प्राझिक्वांटेलची, म्हणजे जंताची, गोळी दर सहा आठवड्यांनी देतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाबाच खूण करतात. गोळी गुळात घालून दिली तर तो गूळ चाटून गोळी थुंकतो, भाकरीत लपवावी लागते.