कोरियन शिकायला दिल्लीला कशाला?

“भाषा काय हो मॅडम, क्लास लावला की येते. त्यासाठी पोरीला तीन-चार वर्षं दिल्लीला कशाला धाडायची?”

मुलांच्या पुढच्या शिक्षणाबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे पालक येतात. हे विचारणारे बाबा गुहागर तालुक्यातले. घरची नारळ-सुपारीची वाडी आणि बाजारपेठेत पंपांच्या मोटारी रिवाइंड करून देण्याचं छोटं दुकान. मुलगी बारावी सायन्सला. बाबांच्या मनात डी.फार्म., म्हणजे औषधनिर्माणातली पदविका, मुलीच्या मनात जेएनयूतलं, म्हणजे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातलं, कोरियन भाषेचं बी.ए. ऑनर्स. ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत, पण प्रश्न बदललेला नाही. कधी कोरियनच्या जागी जपानी असतं, कधी अरबी, कधी रशियन. ‘परदेशी भाषा घेऊन बी.ए. म्हणजे पुढे काय?’ ही काळजी चिपळूण, दापोली, राजापूर सगळीकडून येते.

दिवाळीच्या सुट्टीत ती मंडळी आली हे एक बरं झालं. केंद्रीय विद्यापीठांचे हे प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर होतात आणि तिचे फॉर्म बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरून घेतात. निकाल हातात घेऊन जूनमध्ये येणाऱ्यांना मला बहुतेक वेळा ‘आता पुढच्या वर्षी’ एवढंच सांगावं लागतं.

पहिला अर्धा तास बाबाच बोलत होते. मुद्दा साधा होता. पोरगी मोबाइलवर कोरियन मालिका बघते, त्यातून हे खूळ शिरलंय. वर दाखला तयार: “माझा चुलतभाऊ वीस वर्षं कुवेतला होता. फाडफाड अरबी बोलतो. त्याला कुठली डिग्री होती?”

मी विचारलं, “बोलतात ते ठीक, पण अरबी कागद वाचता येतो का त्यांना?”

बाबा जरा थांबले. येत नव्हता. तिकडे कुठलाही सरकारी फॉर्म भरायचा तर टायपिंग सेंटरवर पैसे मोजावे लागत आणि करारात काय लिहिलंय ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागे. कोकणातल्या किती घरांत आखातातली अरबी आली आणि तोंडी व्यवहारापुरतीच राहिली! त्यात कमीपणा काही नाही, त्या अरबीनेच घरं उभी राहिली. पण कामापुरती भाषा येणं वेगळं आणि त्या मुलखाचा अभ्यास करणं वेगळं, हे बाबांना माझ्या व्याख्यानापेक्षा चुलतभावाच्या उदाहरणावरून लवकर पटलं.

मग आईबाबांना बाहेर बसवून मुलीशी बोलले. मालिकांचं खूळ होतंच, ते तिने मोकळेपणाने कबूल केलं. त्याचं मला काही वाटत नाही, आवड कुठून तरी लागतेच. ती टिकणारी आहे का, एवढंच मी बघते. तिने वही काढली. पहिल्या पानांवर कोरियन अक्षरं गिरवलेली. ही लिपी राजा सेजोंगने 1443 मध्ये तयार करवली आणि 1446 मध्ये जाहीर केली, तीही सामान्य माणसाला पटकन शिकता यावी म्हणून. त्यामुळे आठवड्याभरात अक्षरं येतात, आणि ‘मला कोरियन येतं’ असं वाटायला लागण्याचा धोकाही तिथेच असतो.

पुढची पानं मात्र वेगळी होती. एका मालिकेत तिने जेजू बेटावरच्या हेन्यो पाहिल्या होत्या. ऑक्सिजनची टाकी न घेता, दम कोंडून समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले, सी-अर्चिन काढणाऱ्या या बायका. वर आल्यावर श्वास सोडताना त्यांच्या तोंडून शिट्टीसारखा आवाज निघतो, त्याला सुम्बिसोरी म्हणतात. या परंपरेची 2016 मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली, आणि आता त्यात म्हाताऱ्या बायकाच जास्त उरल्यात. एवढं कुणीही इंटरनेटवरून उतरवून घेईल. पण खाली तिने पेन्सिलीने स्वतःचे प्रश्न लिहिले होते. काढलेल्या मालाची किंमत कोण ठरवतं? कुठल्या खडकावर कुणी उतरायचं याचे नियम कुणाचे? मग एक बाण काढून: ‘मावशी ओहोटीला कालवं काढायला जाते. तिची कुणी नोंद केलीये का?’

ते पान मी दोनदा वाचलं.

तरी लगेच हो म्हटलं नाही. माझी एक सवय आहे, आणि त्यावरून काही पालक नाराजही होतात. भाषेची आवड सांगणाऱ्या मुलाला मी पंधरा दिवस त्या भाषेतली करमणूक बंद करायला सांगते आणि त्या देशाचा रटाळ भाग वाचायला देते. तिला दिला कोरियाचा विसाव्या शतकातला इतिहास: 1910 ते 1945 जपानची सत्ता, मग फाळणी, 1950 ते 53 चं युद्ध. इंग्रजी पुस्तक, बारीक टाइप, चित्रं नावाला.

ती परत आली ती कुरकुरतच. करार आणि मंत्रिमंडळं तिला कंटाळवाणी वाटली. पण जेजूचं नाव आल्यावर ती अडकली होती. 3 एप्रिल 1948 ला त्याच बेटावर उठाव सुरू झाला आणि तो मोडून काढताना हजारो माणसं मारली गेली, गावंच्या गावं जाळली गेली. पुढे कित्येक वर्षं लोकांना त्याबद्दल उघड बोलायचीही चोरी होती. “मॅडम, आज सत्तरी-ऐंशीतल्या ज्या हेन्यो आहेत, त्यांच्या आयांनी हे बघितलं असणार ना? मग त्या मालिकेत याचं काहीच कसं नाही?” तिच्या आवाजात चक्क राग होता. असा राग आला की मी निर्धास्त होते. कल चाचणीच्या गुणांपेक्षा माझा त्याच्यावर जास्त भरवसा आहे.

हाच सल्ला सगळ्यांना देत नाही. याच सुमारास नर्सिंग केलेला एक मुलगा जर्मन भाषेत बी.ए. करू का विचारत होता. त्याला जर्मनीत नर्स म्हणूनच जायचं होतं. त्यासाठी साधारण बी टू, म्हणजे सहा पातळ्यांतल्या चौथ्या, पातळीचं जर्मन लागतं, जर्मन कादंबऱ्यांचा अभ्यास नव्हे. त्याला सरळ पुण्याला क्लास लावायला सांगितलं. पदवीचा खटाटोप त्याच्यासाठी वेळेची नासाडी होती.

आता बाबांचा खरा प्रश्न, पोटापाण्याचा. इथे मी गुलाबी चित्र रंगवत नाही. पदवीची सुरुवात अक्षरांपासून होते, आधीचं कोरियन लागत नाही. पहिल्या वर्षांत व्याकरण, वाचन, लेखन, संभाषण यांचाच मारा असतो, त्याच्या जोडीला इतिहास आणि समाज, आणि पुढे साहित्य, भाषांतर. कोरियन किती येतं हे मोजणाऱ्या टोपिक परीक्षेच्या सहा पातळ्या आहेत. पहिल्या दोनांच्या जोरावर कुणी दुभाषी म्हणून उभं करत नाही. वरच्या पातळीला पोचलं तर कोरियन कंपन्यांत कामं आहेत. रांजणगावला एलजी आहे, तळेगावला ह्युंदाई आली. “आणि आपल्याच कोकणात, माणगावजवळ विळे-भागाडला पोस्कोचा पोलाद कारखाना आहे,” म्हटल्यावर बाबा सरसावून बसले. त्या रस्त्याने ते मोटारीचं सामान आणायला गेलेले होते, बोर्ड वाचला होता, पण कंपनी कोरियन आहे हे ठाऊक नव्हतं.

“पण आता मोबाइलच भाषांतर करतो की,” ते म्हणाले. खरं आहे. पत्रं, माहितीपुस्तकं यांचं साधं भाषांतर मशीनकडे चाललंय आणि नुसत्या त्यावर भिस्त ठेवू नये, हे मी मुलीलाही स्पष्ट सांगितलं. पण मशीन बंद पडलंय, कोरियन इंजिनिअर संतापलाय आणि इकडचा सुपरवायझर चूक कबूल करत नाही, तिथे कुणाला काय आणि किती सौम्य करून सांगायचं, हे माणसालाच कळतं. शिवाय भाषेला कशाची तरी जोड हवी. कायदा, व्यापार, आंतरराष्ट्रीय संबंध, काहीही. तिच्या वहीवरून मला वाटलं, तिची जोड मासेमारी आणि किनाऱ्यावरचा समाज ही असेल.

एवढं झाल्यावरही बाबांचा चेहरा सुटेना. शेवटी आई म्हणाली, “ह्यांना दिल्लीची भीती वाटते, दुसरं काही नाही.” एकुलती एक मुलगी, भाषेची काळजी हा वरवरचा बुरखा. मग आम्ही दिल्लीबद्दलच बोललो. फी अगदी कमी असते, पण वसतिगृह पहिल्या दिवसापासून मिळेलच असं नाही, तेव्हा सुरुवातीच्या राहण्याची तजवीज आधी करायला हवी. मंगला एक्सप्रेसला चिपळूणला बसलं की गाडी न बदलता दुसऱ्या दिवशी निजामुद्दीनला उतरता येतं, हे ऐकल्यावर बाबांनी पहिल्यांदा कागद-पेन मागितलं.

डी.फार्म.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, त्यामुळे तोही फॉर्म भरायचा ठरला. दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात, पण प्रवेशाच्या दिवसांत तो खुशाल ठेवावा. जेएनयूच्या पहिल्या यादीत तिचं नाव आलं नाही. घरात डी.फार्म.च्या पुस्तकांची चौकशी सुरू झाली, आणि नंतरच्या यादीत नाव आलं.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. 1945 पूर्वीच्या जेजूबद्दलचे सरकारी कागद जपानी भाषेत आहेत, तर ऐच्छिक विषय म्हणून जपानी घेऊ का, विचारत होती. घे म्हटलं. बाबांना तिने अजून सांगितलेलं नाही.