सचिनने कसोटीत घातलेला शर्ट, सही आणि प्रमाणपत्रासह ८५ हजारांना मिळतोय. खरा आहे का, कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की शर्ट पांढरा आहे, पाठीवर 'तेंडुलकर' आणि त्याखाली १०, छातीवर सही, सोबत प्रमाणपत्र. एवढ्यावरच सांगतो, घेऊ नका.

कसोटीच्या शर्टावर नाव आणि नंबर आले ते ऑगस्ट २०१९ मध्ये, त्या वर्षीच्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ॲशेस मालिकेपासून. सचिन शेवटची कसोटी खेळला नोव्हेंबर २०१३ मध्ये, वानखेडेवर. नाव छापलेला शर्ट घालून तो एकही कसोटी खेळलेला नाही. सही कदाचित खरी असेलही. कुणीतरी दुकानातून आणलेला शर्ट पुढे केला असेल आणि त्याने केली असेल. पण सही खरी असली म्हणजे शर्ट मैदानावर गेला होता असं होत नाही, आणि या धंद्यातली निम्मी फसवणूक इथेच होते.

मी स्वतः यात पोळलोय. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या फलंदाजाची 'शतकाची बॅट' चाळीस हजारांना घेतली. सही अस्सल होती, बॅटवर चेंडूचे लाल ठसे होते, मी खूश. महिन्याभराने त्या शतकाचा एक मोठा, स्वच्छ फोटो मिळाला. फोटोतल्या बॅटवर उभ्या रेषा आठ, आणि टोकाजवळ डाव्या बाजूला लाकडात एक तपकिरी डाग. माझ्या बॅटवर रेषा अकरा आणि डाग कुठेच नाही. बॅट विलोच्या लाकडाची असते, आणि तिच्यावरच्या रेषा म्हणजे त्या लाकडाचे वाढवलय. स्टिकर बदलता येतो, ग्रिप बदलता येते, रेषा बदलता येत नाहीत. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, प्रमाणपत्र नीट वाचा." वाचलं. त्यात लिहिलं होतं की हस्ताक्षर अस्सल आहे. बॅट कुठे वापरली याबद्दल एक अक्षर नव्हतं! त्यामुळे तुमच्या कागदावर नेमकं कशाची हमी दिलीय ते शब्दन् शब्द बघा. 'प्लेअर इश्यू' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की शर्ट खेळाडूसाठी शिवला. तो अंगावर चढला की बॅगेतच राहिला, कुणास ठाऊक.

वस्तू खरोखर त्या सामन्यातली आहे हे ठरवायचे माझ्या मते दोनच मार्ग आहेत. एक, ती मैदानातून बाहेर येताना कुणी त्रयस्थ माणसाने बघितलीय आणि तिथल्या तिथे नोंद केलीय. अमेरिकेत बेसबॉलवाले हे करतात. तिथे खोट्या सह्यांचा धंदा इतका बोकाळला की एफबीआयला हात घालावा लागला. त्यानंतर २००१ पासून तिथल्या मुख्य बेसबॉल लीगने, म्हणजे मेजर लीगने, प्रत्येक सामन्याला आपला माणूस बसवायला सुरुवात केली, बहुतेक जण पोलीस खात्यात काम केलेले. चेंडू किंवा बॅट त्याच्या डोळ्यांसमोर बाहेर आली तरच तिच्यावर क्रमांकाचा होलोग्राम लागतो. तो सोलायला गेलात तर फाटतो, आणि क्रमांक लीगच्या साइटवर तपासता येतो.

दुसरा मार्ग म्हणजे फोटोशी जुळवणी. याचं सगळ्यात झकास उदाहरण अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू मॅराडोना याचं. २२ जून १९८६, मेक्सिको सिटी, इंग्लंडविरुद्धचा तो 'देवाचा हात'वाला सामना. सामना संपल्यावर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने त्याच्याशी शर्ट बदलला. हा तोच हॉज, ज्याने उलटा उडवलेला चेंडू मॅराडोनाने हाताने आत ढकलला. २०२२ मध्ये शर्ट लिलावाला निघाला तेव्हा मॅराडोनाची मुलगी म्हणाली, हा पहिल्या हाफचा, गोल केले तो वेगळा. आता हॉज खोटं बोलत होता असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. पण मधल्या सुट्टीत शर्ट बदलला की नाही, हे त्याला बिचाऱ्याला काय माहीत? शेवटी निकाल लावला तो फोटोंनी. अर्जेंटिनाने ते निळे शर्ट ऐन वेळी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून आणले होते आणि बिल्ले, नंबर घाईघाईत लावले होते. त्यामुळे प्रत्येक शर्ट थोडा थोडा वेगळा. बिल्ला, पट्टे आणि नंबर यांची ठेवण दोन्ही गोलांच्या फोटोंशी जुळली, आणि शर्ट ७१ लाख पौंडांना गेला.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये प्रत्येक सामन्याला असा होलोग्रामवाला बसलेला मी तरी बघितलेला नाही. तेव्हा फोटो आणि थोडं डोकं. काही गोष्टी तर फुकटात कळतात. सचिनच्या कसोटी शर्टावर 'स्टार' असेल तर सोडून द्या, ते प्रायोजक २०१४ मध्ये आले. '२०११ च्या फायनलचा' म्हणून कुणी छातीभर 'सहारा' लिहिलेली जर्सी दाखवली तर तीही सोडा. आयसीसीच्या स्पर्धेत छातीवर देशाचं नाव असतं, प्रायोजक बाहीवर. ऑक्टोबर २०१७ नंतरच्या सामन्यातली बॅट म्हणत असतील तर कडेची जाडी मोजा. ती ४० मिलिमीटरच्या वर गेली तर ती बॅट पंचांनी चालूच दिली नसती. एकदिवसीय सामन्यात चेंडू पांढरा असतो, त्यामुळे तिथल्या म्हणवणाऱ्या बॅटवर नुसते लाल ठसे असतील तर ती बहुधा नेटमधली. आणि खेळाडूने वस्तू हातात धरलेला फोटो पुरावा म्हणून दाखवतात, त्यावरून एवढंच कळतं की त्याने ती हातात धरली होती.

तरीही तुमचं मन मानतच नसेल, तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: कुठली कसोटी, कुठला दिवस? 'त्या सीझनचा आहे' असं मोघम उत्तर आलं तर पुढे बोलूच नका. दिवस सांगितला, तर त्या दिवसाचे फोटो शोधा आणि पाठमोरा सचिन बघा. पाठ कोरी दिसेल. मग नाव आणि १० कुठून आलं, ते त्यालाच विचारा आणि काय म्हणाला ते इथे कळवा. मलाही उत्सुकता आहे.