दिवा पेटला म्हणजे सेन्सर गेला, असे नव्हे

दुचाकीविषयीच्या या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा कार्ब्युरेटर की तेच काम विजेवर करणारे फ्युएल इंजेक्शन (एफआय), आणि गाडी बिघडली तर दोष कशात लवकर सापडतो, हा तो विषय. पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी १२५ सीसी मोटरसायकल २०११ सालची, कार्ब्युरेटरची आहे. कागल ते कोल्हापूर अशी रोजची ये-जा मी तिच्यावरच करतो. आता नवी गाडी घ्यावी, असे घरचे म्हणतात; परंतु आमचे नेहमीचे मिस्त्री सांगतात की, एफआय गाडीचा दोष कंपनीच्या वर्कशॉपशिवाय कोणालाही सापडत नाही, कार्ब्युरेटर मात्र रस्त्याकडेलाही खोलता येतो. हे खरे मानावे काय? — एक वाचक, कागल

उत्तर : आपल्या मिस्त्रींचे म्हणणे अनुभवातून आलेले आहे आणि त्यातला दुसरा भाग खराही आहे, पहिला भाग मात्र मला मान्य नाही. नव्या गाडीपुरती निवड आता फारशी उरलेली नाही, हे आधीच सांगतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली आणि नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. प्रश्न उरतो तो दोष शोधण्याचा.

कार्ब्युरेटरचे सारे काम डोळ्यांना दिसते. टाकीतले पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येते, फ्लोट हा तरंगणारा भाग ते कार्ब्युरेटरच्या वाटीत ठरावीक पातळीवर धरून ठेवतो आणि इंजिन हवा ओढू लागले की अरुंद गळ्यातून वेगाने जाणारी हवा जेटमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या नळीतून, पेट्रोल वर खेचते. त्यामुळे दोषही हाताने, नाकाने आणि कानाने शोधता येतो. गाडी सुरूच होत नसेल तर वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू दोन आटे सैल करावा. पेट्रोलची धार आली तर टाकी, कॉक आणि पाइप निर्दोष आहेत. थेंब थेंब आले तर अडथळा वरच्या बाजूला आहे. गाडी गरम झाल्यावरही चोक ओढला तरच नीट चालत असेल आणि चोक सोडताच बंद पडत असेल, तर पेट्रोल कमी पडत आहे आणि पहिला संशय स्लो जेटवर, म्हणजे कमी वेगात पेट्रोल देणाऱ्या जेटवर, घ्यावा. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकत असेल तर फ्लोटची सुई नीट बसत नाही. प्लग काढून पाहावा : काजळीने काळा झालेला प्लग पेट्रोल जास्त जात असल्याचे सांगतो, पांढरा पडलेला प्लग ते कमी जात असल्याचे सांगतो, आणि तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. या सगळ्याला एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक प्लगपाना पुरतो.

परंतु कार्ब्युरेटरला स्मरणशक्ती नसते, ही त्याची मोठी उणीव आहे. पन्हाळ्याची चढण चढताना गाडीने दोनदा झटके दिले आणि मिस्त्रींच्या दारात येताच ती सुरळीत चालू लागली, तर त्यांच्यापाशी आपल्या सांगण्याखेरीज कोणताच पुरावा नसतो. मग अंदाजाने स्क्रू फिरवणे सुरू होते. मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या, रबराला बारीक चीर पडून बाहेरची हवा आत शिरत असेल, तर स्क्रू फिरवून ती उणीव काही दिवस झाकता येते. चीर मात्र वाढत राहते आणि काही महिन्यांनी एका दोषावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा अशी थर साचलेली गाडी पुढे येते. स्लो जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. त्यात तांब्याची तार घालून ‘साफ’ केलेले, म्हणजे प्रत्यक्षात छिद्र मोठे करून ठेवलेले कितीतरी जेट मी पाहिले आहेत. असा जेट दिसायला स्वच्छ असतो आणि दोष त्याच्यातच असतो.

एफआयमध्ये टाकीतला विजेचा पंप पेट्रोलला साधारण ३ बार दाब देतो, इंजेक्टर सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता उघडतो आणि तो किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवतो. त्यासाठी थ्रॉटल (मूठ फिरवली की उघडणारी हवेची झडप) किती उघडला आहे, मॅनिफोल्डमधला दाब किती, इंजिन किती तापले आहे, क्रँक कोणत्या स्थितीत आहे, सायलेन्सरमधून जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला आहे, ही माहिती सेन्सर त्याला सतत पुरवतात. एखाद्या सेन्सरचे माप शक्यतेच्या पलीकडे गेले की ईसीयू त्या दोषाचा ठरावीक क्रमांक, म्हणजे कोड, नोंदवून ठेवतो आणि मीटरवरचा पिवळा दिवा पेटवतो. गाडी नंतर सुरळीत चालली तरी नोंद आत राहते. काही गाड्यांमध्ये हा दिवाच लांब-आखूड लुकलुकून कोड सांगतो आणि लुकलुकणे मोजण्याखेरीज दुसरे साधन लागत नाही. म्हणूनच ‘कंपनीशिवाय सापडत नाही’ हे विधान मला पटत नाही.

साधने नसतानाही एफआय गाडी बरेच काही सांगते. किल्ली फिरवून किल स्विच ‘रन’वर ठेवावा आणि टाकीशी कान न्यावा. दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक घूं असा आवाज येऊन थांबला पाहिजे. पिवळा दिवा किल्ली फिरवताच पेटून थोड्या वेळाने विझला पाहिजे. तो मुळीच पेटला नाही तर ईसीयूला वीज मिळत नसावी, आणि तेव्हा पंप किंवा इंजेक्टर खोलण्याआधी फ्यूज व बॅटरी पाहावी. सेल्फ मारताना मीटरवरचे दिवे मंदावत असतील तर पुढे काहीच तपासू नये, आधी बॅटरी चार्ज करावी. रस्त्यात एफआय गाडी हतबल होते ती बहुधा इथेच. जुन्या गाडीची बॅटरी पार उतरली तरी किक मारून घरी जाता येत असे. एफआयमध्ये पंप फिरवण्याइतकीही वीज नसेल तर ढकलूनसुद्धा बहुधा उपयोग होत नाही. तेव्हा दुरुस्तीचा खर्च वाचवायचा असेल तर बॅटरीकडे दुर्लक्ष करू नये आणि गाडी कायम रिझर्व्हवर चालवू नये, कारण टाकीतले पेट्रोलच पंपाला थंड ठेवते.

दिवा काय सांगत नाही, हेही ध्यानात ठेवणे तितकेच आवश्यक आहे. बहुतेक मोटरसायकलींमध्ये पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सर नसतो, त्यामुळे पंप थकला आणि चढणीला गाडी दम टाकू लागली तरी दिवा शांतच राहू शकतो. व्हॉल्व्हची सेटिंग बिघडणे, कॉम्प्रेशन कमी होणे, एअर फिल्टर मातीने भरणे, पेट्रोलमध्ये पाणी येणे, हे सगळे कार्ब्युरेटरच्या काळात जसे शोधावे लागत होते तसेच आजही शोधावे लागते. नवी गाडी निर्धास्तपणे घ्यावी. आपल्या मिस्त्रींचे तीस वर्षांचे ज्ञान यातल्या अर्ध्याअधिक कामाला जसेच्या तसे उपयोगी पडणार आहे.

प्रश्न : मी रोज कोल्हापूरहून गगनबावड्याच्या बाजूला शाळेत जाते. पावसाळ्यात गाडीचा पिवळा दिवा पेटला. कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर ‘ऑक्सिजन सेन्सर’ असे आले, म्हणून सेन्सर बदलला. पंधरा दिवसांत दिवा पुन्हा पेटला आणि आता दुसरा सेन्सर बदलावा लागेल असे सांगतात. मायलेजही कमी झाले आहे. काय करावे? — एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : दुसरा सेन्सर घेऊ नये. तुमचे पैसे वाया जात आहेत, हे वाचून मला मनापासून वाईट वाटले, कारण ही चूक सर्रास होते आणि ती टाळता येण्याजोगी आहे. कोडमध्ये एखाद्या सेन्सरचे नाव येते याचा अर्थ त्या मार्गावरचे माप चुकीचे येत आहे, एवढाच असतो. चुकीचे माप देणारा स्वतः सेन्सर असू शकतो, त्याची वायर असू शकते, कपलर (वायरींचा जोड) असू शकतो. आणि अनेकदा सेन्सर खरेच सांगत असतो, बिघाड इंजिनाच्या बाजूला असतो.

तुमच्या बाबतीत तीन गोष्टी याच क्रमाने तपासून घ्याव्यात. पहिली, सायलेन्सरचा बेंड पाइप इंजिनाला जिथे जोडला जातो ते गॅस्केट. ते फुटले असेल तर आतले वायू बाहेर फेकले जातातच, परंतु दोन फटक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवाही आत ओढली जाते. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो, पेट्रोल कमी पडत आहे असा समज होऊन ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो, आणि मायलेज घसरते. सांध्याभोवती काजळीचे काळे ओघळ दिसत असतील, किंवा सकाळी गार इंजिन सुरू करताच तिथून फट्-फट् असा वेगळा आवाज येत असेल, तर बहुधा कारण हेच आहे. गॅस्केटची किंमत सेन्सरच्या तुलनेत अगदी किरकोळ असते. दुसरी, सेन्सरचा कपलर. गगनबावड्याचा पाऊस आणि त्यावर वॉशिंग सेंटरमधला जोराचा फवारा यांनी कपलरमध्ये पाणी शिरते आणि पिनांवर हिरवट थर चढतो. तो उघडून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पूर्ण वाळवून खटका वाजेपर्यंत बसवावा. तिसरी, वायर सायलेन्सरला टेकून वितळलेली नाही ना, हे पाहावे.

त्यानंतर स्कॅनरवर कोड न वाचता चालत्या इंजिनाची मापे वाचायला सांगावीत. बहुतेक गाड्यांत वापरला जाणारा साधा ऑक्सिजन सेन्सर तापल्यावर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत असतो. तो तसा झुलत असेल तर सेन्सर जिवंत आहे. खालीच चिकटून बसला असेल तर गॅस्केट आणि इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेतली गळती आधी पाहावी. दोष निघाल्यावर दिवा काही फेऱ्यांनंतर आपोआप विझतो. तो लगेच विझला नाही म्हणून घाबरू नये.

प्रश्न : एफआयचा कायमचा त्रास नको म्हणून भारत स्टेज ६ च्या गाडीला जुना कार्ब्युरेटर बसवून देतो, असे एकजण म्हणतात. बसवावा काय? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बसवू नये. अशा गाडीत ठिणगीची वेळही ईसीयूच सेन्सरांच्या मापांवरून ठरवतो, त्यामुळे कार्ब्युरेटर बसवला तरी अर्धी यंत्रणा जुळत नाही, दिवा कायम पेटलेला राहतो आणि पुढे खरा दोष आला तर तो कळण्याचा मार्गच बंद होतो. मूळ नोंदीतील रचनेत असा बदल करण्यास मोटार वाहन कायदाही परवानगी देत नाही.

प्रश्न : माझे गडहिंग्लजला छोटे गॅरेज आहे. कार्ब्युरेटरचे काम वडिलांकडून शिकलो. एफआयसाठी महागडा स्कॅनर घेतल्याशिवाय काम करता येईल काय? — एक तरुण मेकॅनिक, गडहिंग्लज

उत्तर : येईल, आणि सुरुवात स्कॅनरने करूच नये. आधी व्होल्ट आणि रेझिस्टन्स मोजणारा एक चांगला डिजिटल मल्टीमीटर घ्यावा. त्यानंतर पेट्रोलचा दाब मोजणारे गेज घ्यावे, कारण पंपाचे दुखणे स्कॅनरवर दिसत नाही. स्कॅनर सगळ्यांच्या शेवटी.

मल्टीमीटर कसा उपयोगी पडतो, याचा माझ्या कामातला एक प्रसंग सांगतो. दुपारच्या उन्हात बंद पडणारी आणि तासाभराने आपोआप सुरू होणारी एक गाडी माझ्याकडे आली. आधीच्या ठिकाणी तिचा पंप बदलून झाला होता, जुना पंप मालकाने पिशवीत घालून आणला होता. बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते. पंपाच्या कपलरवर, पंप फिरत असताना, केवळ १०.१ व्होल्ट पोहोचत होते. म्हणजे वाटेत कुठेतरी दोन व्होल्टहून अधिक वीज अडत होती. वायर चाचपत मागे गेलो, तर सीटखालच्या एका कपलरमध्ये एक पिन किंचित मागे सरकलेली आणि तिच्या भोवतीचे प्लास्टिक तपकिरी झालेले दिसले. ती जेमतेम टेकत होती. तापली की आणखी सैल पडत होती. पिन बदलली, जुनाच पंप परत बसवला आणि गाडी पुन्हा कधी थांबली नाही. कोड एकही आला नव्हता.

हे माप घेण्याची सोपी रीत अशी : मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी पिन पंपाच्या प्लस वायरला, पंप फिरत असताना लावावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले तर त्या वाटेत दोष आहे. अर्थिंगच्या बाजूनेही असेच मापावे, ती बाजू बहुतेकजण विसरतात. थ्रॉटल सेन्सरला ५ व्होल्ट मिळतात ना ते पाहावे आणि मूठ अगदी हळू फिरवत परतीच्या वायरवरचे माप बघावे. ते बंद थ्रॉटलला अर्ध्या व्होल्टच्या आसपास सुरू होऊन सलग चढत गेले पाहिजे, मध्ये उडी मारता कामा नये. तापमानाच्या सेन्सरचा रेझिस्टन्स गार असताना जास्त आणि तापल्यावर कमी असतो. गरम पाण्याच्या भांड्यात धरून तो तपासता येतो. ईसीयूच्या वायरींना बल्बचा टेस्टर लावू नये, तो जास्त करंट ओढतो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढण्याची जुनी सवय सोडावी, त्याने ईसीयू जळू शकतो. पेट्रोलचा पाइप सोडण्याआधी पंपाचा कपलर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे पाइपमधला दाब उतरतो.

आणखी एक काम आजपासूनच सुरू करावे. सर्व्हिसिंगला आलेल्या निर्दोष गाड्यांची मापे एका वहीत, मॉडेल आणि सालानुसार लिहून ठेवावीत : सेल्फ मारताना बॅटरी किती खाली येते, बंद थ्रॉटलला किती व्होल्ट, गार इंजिनाला तापमानाच्या सेन्सरचा रेझिस्टन्स किती, पेट्रोलचा दाब किती. पुढे त्याच मॉडेलची बिघडलेली गाडी दारात येईल तेव्हा शेजारी ठेवायला चांगल्या गाडीचे माप तुमच्या हाताशी असेल.